सरांच्या गौरव अंकासाठी

बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी सुरू झाली की तिचा वास आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यापर्यंत येतो. फेब्रुवारीचा शेवट, मार्चची सुरुवात. तासगावच्या या पट्ट्यात तेव्हा वारा कोरडा असतो, सकाळी अजून स्वेटर लागतो आणि दुपारी तोच नकोसा होतो. द्राक्षांचे क्रेट भरून ट्रॅक्टर जातात आणि त्यांच्या मागे रस्त्यावर फुटलेल्या मण्यांचा चिकट ओघळ उरतो. शाळेत येणाऱ्या पोरांच्या चपला त्यात चटचट वाजतात. एखादा ढग दिसला की सगळं गाव मान वर करून उभं राहतं. दहावीचे पेपर याच दिवसांत येतात. परीक्षा म्हटली की लोकांच्या पोटात गोळा येतो. मला राग येतो. सात वर्षं झाली, दर वर्षी येतो, आणि खरं सांगायचं तर मी त्याला येऊ देते.

या वर्षी त्या वासाबरोबर एक पत्रही आलं. आमचे मुख्याध्यापक निवृत्त होताहेत. गौरव समिती झाली, सत्काराचा दिवस ठरला, गौरव अंक निघायचा आहे. 'सरांच्या प्रदीर्घ सहवासातील हृद्य आठवणी आपल्या ओघवत्या शैलीत लिहून द्याव्यात, साधारण दोन पाने.' समितीचे तरुण शिक्षक पत्र द्यायला घरी आले होते. चहा पिताना म्हणाले, "बाई, तुमच्यासारखं मराठी कोणाचं आहे? अंकाची सुरुवातच तुमच्या लेखानं करू." आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी माझी गत झाली. मी म्हटलं, लिहिते की. जरूर लिहिते.

मला सूड घ्यायचा आहे. सव्वीस वर्षं मुलांना निबंध शिकवले, क्षमा, शांती, सहिष्णुता यांवर फळा भरभरून मुद्दे लिहून दिले. पण हे वाक्य लिहिताना हाताला जी गोडी आली, ती त्या मुद्द्यांना कधी आली नव्हती.

तिचं नाव कोमल. नावात काय ते कोमल, बाकी पोर म्हणजे कातरी. नववीत माझ्या वर्गात आली ती भांडणाची कीर्ती घेऊनच. पहिल्याच आठवड्यात तिनं एका मुलाच्या डोक्यात पाण्याची बाटली घातली, कारण तो तिला 'टाकी' म्हणाला होता. ती पाणी फार प्यायची. तासाला दोनदा बाहेर जायची परवानगी मागायची, आणि नाही दिली तर न मागता जायची. माणसं माणमधली, दहिवडीच्या पलीकडची. बाप मुंबईला, आई सुरेखा इथं एका शेडवर बेदाणा निवडायला, आणि शेडच्याच कडेच्या पत्र्याच्या खोलीत आई, कोमल आणि तिची थोरली बहीण. शिक्षकांच्या खोलीत तिचा विषय निघाला की सर म्हणायचे, "या बाहेरच्या पोरांना वळणच नाही." मीही मान डोलावली असेन. आठवत नाही, पण डोलावली असणार.

एकदा मधल्या सुट्टीत ग्रंथालयाची खोली उघडायला गेले, तर दार आतून ओढलेलं. कपाटाच्या मागे कोमल भिंतीला टेकून उभी, पोलक्याचं टोक दातांत धरलेलं, आणि पोटाच्या कातडीत सुई. मला बघून तिनं सुई काढली नाही. औषध पुरतं आत जाऊ दिलं, मग दातांतून कापड सोडलं आणि म्हणाली, "जावा, सांगा जावा समद्यांना."

मी दार लावून घेतलं. माझा नवरा साखरेच्या दुखण्यानं गेला, त्यामुळं सुया मला परक्या नव्हत्या. पण त्याची साखर उतारवयातली होती, गोळ्यांवर भागत होती तोवर भागली. हिचं वेगळं. अकराव्या वर्षी साताऱ्याच्या दवाखान्यात कळलं की हिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. जन्मभर रोज तीन-चार वेळा बाहेरून टोचून घ्यायचं. चुकवलं तर साखर चढते आणि माणूस आतून आंबत जातं, जास्त झालं तर साखर उतरते आणि माणूस उभ्या उभ्या कोसळतं. एवढं सगळं ती पोर कपाटामागं, दातांत कापड धरून, एकटी करत होती. आणि मनात आलं तर करतही नव्हती.

"सांगणार नाही," मी म्हटलं, "पण लपवतेस कशाला?"

"ताईचं लगीन ठरत आलंय. पावण्यांना कळलं तर म्हनतील, घराण्यातच हाय. मोडंल मग. मग माझी आई मला जिती ठिवंल व्हय?"

त्या संध्याकाळी मी शेडवर गेले. जाळीच्या रॅकवर द्राक्षं सुकत होती, हिरवी, मग पोपटी, मग वरच्या थराला सुरकुत्या धरलेली. खाली बायका तोंडाला ओढणी बांधून काड्या वेचत होत्या. सुरेखा मला पत्र्याच्या खोलीत घेऊन गेली. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि देवाच्या फळीवरची पितळी वाटी पुढं केली. त्यात भंडारा होता.

"आवं बाई, तुमी शिकल्याल्या. तुमाला ह्याचं काय वाटायचं न्हाई. पर आमच्यात भंडारा उचलला की शब्द मोडत न्हाईत. उचला. म्हंजे माझा जीव खाली पडंल."

कोमलनं उचलला, आईनं उचलला. मीही चिमूटभर उचलला. मनातल्या मनात थोडं हसू आलं, हे कबूल करते. मी कसली शपथ मोडते आणि कसली पाळते! घरी येऊन साबणानं हात धुतले तरी बोटांच्या पेरांत पिवळेपणा राहिलाच. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना खडूच्या पांढऱ्यात तो दिसत होता.

तेव्हापासून मधल्या सुट्टीत ग्रंथालय आमचं. शब्दकोशांच्या मागे मी एक लहान मडकं ठेवलं, त्यात ओली वाळू, वाळूत दुपारच्या इन्सुलिनची बाटली. शाळेत फ्रिज नाही, आणि सरांच्या केबिनमधल्या फ्रिजमध्ये फक्त पाहुण्यांसाठी थंड बाटल्या असत. मी तिला आकडे लिहायची सवय लावली. माझ्याच हातानं कागदाच्या पट्टीवर रकाने आखून द्यायची: सकाळ, दुपार, रात्र, साखर किती, औषध किती. ती पट्टी कंपासपेटीत बसेल एवढीच असायची. तिचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, माझे रकाने नीट. आठवड्याची पट्टी भरली की मी तपासायची, लाल शाईनं नाही, पेन्सिलीनं.

पण पोर बेभरवशाची. आईशी भांडली की सुई नाही. बहिणीला नवी साडी आली की सुई नाही. एकदा तर शेडवर सगळ्यांच्या देखत मूठभर बेदाणे तोंडात कोंबून चावत उभी राहिली, डोळे माझ्याकडे. "मरू दे की. कुनाचं अडलंय?" मी तिला समजावलं नाही. समजावणाऱ्यांना ती फुकून टाकायची. मी म्हटलं, "मर की. तुझी आत्या साखर वाटेल गावभर." ही आत्या एकदा म्हणाली होती की ही पोरगी कुणाच्या गळ्यात बांधणार. कोमलच्या नाकपुड्या फुगल्या. मी पुढं म्हटलं, "जी तुला टोचून बोलली, ती सगळी माणसं ऐंशी वर्षं जगणार. आणि तू सोळाव्या वर्षी त्यांच्यासाठी वाट मोकळी करून देणार. शहाणीच आहेस. अगं, सूड घ्यायचा तर आधी जिवंत राहावं लागतं."

ते तिला पटलं. दुसऱ्या दिवशी सुई टोचताना म्हणाली, "ही आत्याच्या नावानं." मग रोज एक नाव. आत्या झाली, 'टाकी' म्हणणारा मुलगा झाला, दवाखान्यात खेकसणारी बाई झाली, गूळ काढून घेतला म्हणून मीही दोन वेळा झाले. मी हसायची. नवीन नाव सुचवायचीसुद्धा. माझ्याकडे नावांची कमी कधीच नव्हती. त्या दहा मिनिटांत आम्ही दोघी जेवढ्या जणांना मारून आलो, तेवढे पानिपतावर पडले नसतील. आणि पट्टीवरचे आकडे सुधारत गेले. दहावीच्या सहामाहीत ती वर्गात सहावी आली. भांडणं मात्र चालू राहिली; एवढंच की आता ती भरल्या पोटानं आणि नीट औषध घेऊन भांडायची.

लोक मला विचारतात, तुम्ही एवढ्या तिखट कशा? मी मुलीला राग शिकवला, असं सर एकदा म्हणाले होते. बरोबर आहे. दुसरं काय शिकवणार होते? तिच्याजवळ तेवढंच भांडवल होतं.

सांगलीच्या डॉक्टरांनी परीक्षेआधी एक पत्र दिलं होतं. या मुलीला परीक्षेच्या वर्गात खायला जवळ ठेवू द्यावं, साखर तपासू द्यावी, गरज पडली तर वेळ द्यावा. ते केंद्रावर आधीच दाखल करायचं होतं. केंद्र आमचीच शाळा, केंद्रसंचालक आमचेच सर. सुरेखा धावत माझ्याकडे आली. बहिणीचं लग्न पेपर संपल्यावर आठवड्यानं होतं. "आवं बाई, एकच म्हैना. एवडा एकच म्हैना दम धरा. पत्र दिलं की शाळंभर हुतंय." मी पत्र पर्समध्ये ठेवलं. म्हटलं, मी आहेच ना वर्गावर. बेदाण्याची पुरचुंडी कंपासपेटीत टाकून दिली. साखर उतरल्यासारखी वाटली की मूठभर खायचे, एवढं ठरलं.

त्या वर्षी वरून तंबी होती. केंद्रावर कॉपी चालते अशी कुणीतरी तक्रार केली होती, आणि भरारी पथक येणार, आज येणार, उद्या येणार असं रोज चाललं होतं. सरांना पथकाच्या हातात काहीतरी द्यायचं होतं. 'आमच्याकडं कडक आहे' हे दाखवायला एखादं तरी प्रकरण हवं होतं. गणिताचा पेपर. मराठीच्या बाईंना गणिताच्या दिवशी पर्यवेक्षण येतं, तसं मला आलं, आणि कोमलचाच वर्ग आला. माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर शाळेच्या एका संचालकाचा पुतण्या बसला होता. त्याच्या मोज्यात मार्गदर्शकाची फाडलेली पानं होती, हे मला दिसत होतं, सरांनाही दिसत होतं. सर त्याच्या बाकावरून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघत गेले.

अर्धा तास झाला असेल. कोमलच्या कपाळावर घाम आला. भीतीनं सकाळी नीट खाल्लं नसणार. तिचे हात थरथरायला लागले, तिनं कंपासपेटी उघडली, पुरचुंडीकडे बोटं नेली. तेवढ्यात सर दारात आले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"हात वर. हे काय आहे?"

पट्टी त्यांच्या हातात होती. आकड्यांचे दोन-दोन रकाने. गणिताचा पेपर.

"आकडे कसले हे?"

"माजे," कोमल म्हणाली.

"तुझे? तुझे म्हणजे? तू काय गणित आहेस का गं?" वर्गात दोघं-तिघं हसले. सरांना त्या हसण्यानं बरं वाटलं. मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही वर्गावर असताना हे सापडतंय. तुम्हाला काही माहीत आहे यातलं?"

कोमलनं माझ्याकडं पाहिलं. विनवणी नव्हती त्या नजरेत, ती विनवणारी पोरच नव्हती. नुसतं पाहिलं आणि वाट बघितली.

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी कंपासपेटी उचलली, पुरचुंडीसकट. तिला बाहेर व्हरांड्यात उभं करून जबाब लिहून घेतला. तिथंच ती पायऱ्यांवर कोसळली. शाळेच्या शिपाई मावशींनी, "पोरीनं काय खाल्लं न्हाई वाटतं," म्हणत स्वतःच्या कपातला गोड चहा तिच्या घशात ओतला आणि ती वाचली. मावशींना साखरेतलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं. मी वर्गात पुरवण्या वाटत होते.

तिचा त्या वर्षीचा निकाल रद्द झाला. पण ते पुढं. आधी ते तीन दिवस. पेपराच्या दुपारपासून कोमलनं सुई घेतली नाही. आईला सांगायची, घेतली म्हणून. चौथ्या दिवशी सकाळी सुरेखा माझ्या दारात उभी, पायात चप्पल नाही. पोरगी ओकतेय, श्वास धापा टाकल्यासारखा, तोंडाला सडक्या फळांचा वास. शेडवरचा बेदाण्याची खोकी नेणारा टेम्पो समोर होता, त्याच्यात खोक्यांमध्ये तिला निजवून आम्ही सांगली गाठली. वाटेत मी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि सरांना शिव्या देत होते. मोठ्यानं. टेम्पोवाला मागं वळून बघत होता. शिव्या देताना एक प्रकारचा आधार वाटत होता, ते आता समजतं.

चार दिवस ती अतिदक्षता विभागात होती. पाचव्या दिवशी तिनं डोळे उघडून पाणी मागितलं. बाहेर बाकावर सुरेखा आणि मी. लग्नाचं काय झालं ते विचाराल, तर काही झालं नाही. पाहुण्यांना दवाखान्यातच सगळं कळलं, आणि नवऱ्या मुलाचा बाप हळूच म्हणाला, "मलाबी हाय की साखर. तुमाला सांगितलं न्हवतं, म्हटलं मोडंल." आपलं ठेवायचं झाकून! सुरेखा हसली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आवं बाई, मी अडाणी. मला शपत तेवडी कळती. पर शपत कवा मोडायची असती, ते तुमाला कळाया पायजे हुतं."

मी डॉक्टरांचं पत्र घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, परत दिलं. "आता केस वर गेली. हे आधी द्यायचं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, त्या पट्टीवरचे रकाने कोणाच्या अक्षरातले आहेत, ते मी तेव्हाच ओळखलं होतं. रोज सुविचार वाचतो मी तुमच्या अक्षरातला. तुम्हाला वाचवलं मी. आता हे उकरून काढाल तर दोघी जाल." आणि थंड बाटली पुढं केली. मी ती प्यायले. फार तहान लागली होती.

त्या दिवसापासून मी त्यांचा सूड घेते आहे. त्यांच्या कुठल्याही विनोदाला सात वर्षांत हसले नाही. त्यांनी काढलेल्या प्रत्येक सूचनेतल्या चुका लाल शाईनं सुधारून ती सूचना परत फळ्यावर लावली. त्यांच्या बायकोच्या हळदीकुंकवाला गेले नाही. संक्रांतीला सगळ्यांना तिळगूळ देताना "घ्या, गोड बोला" म्हणते. त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवते आणि "घ्या" एवढंच म्हणून थांबते. त्यांच्या हे कधी लक्षात आलं की नाही, देव जाणे. माझं मात्र पोट भरायचं.

तर असा हा लेख लिहायला बसले. शाई संपेपर्यंत लिहिलं. मोजे, खिडकी, "तू काय गणित आहेस का गं", थंड बाटली, काही सोडलं नाही. वाचून पाहिलं आणि खूश झाले. मग वाटलं, कोमलला दाखवायला हवं. तिच्यासाठीच तर आहे.

कोमल आता तेवीस वर्षांची आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून झाली, बारावी झाली, आणि आता त्याच शेडवर बेदाणा निवडणाऱ्या बायकांची मुकादम आहे. तिच्या आवाजाला शेडचा मालकही दचकतो. मी गेले तेव्हा दुपारची सुट्टी होती. सगळ्या बायकांच्या मधोमध पालथ्या क्रेटवर बसून तिनं सुई घेतली, झाकण लावलं आणि भाकरीचा डबा उघडला. कुणी तिच्याकडं वळून पाहिलंसुद्धा नाही. माझ्या हातातले कागद घेऊन ती वाचायला लागली. वाचताना तिचा दुसरा हात आपोआप समोरच्या ढिगातली काडी वेचत होता.

"चांगलं ल्हिलंय," ती म्हणाली. "सर लय बेकार दिसत्यात."

"दिसायलाच हवेत."

"व्हय." तिनं पुन्हा पहिलं पान काढलं, बोट फिरवत शेवटपर्यंत आली. "पर बाई, ह्यात तुमी कुटं हायसा?"

मी म्हटलं, मी आहे की. मीच तर सांगते आहे.

"तसं न्हवं. त्या वर्गात. सरांनी तुमाला इचारलं, ते ह्यात न्हाई."

नव्हतंच. पहिल्या खर्ड्यात सर आले, पट्टी घेतली, तिला बाहेर नेलं, असं होतं. मी माझं "नाही" लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, "शपथ होती कोमल. तुझ्या आईनं भंडारा…"

"बाई." तिनं हातातली काडी टाकली. "शपतीपायी म्या तोंड मिटलं हुतं. तुमी रकान्यापायी मिटलं. तुमचं अक्षर हुतं त्यावर. मला तवाच कळलं."

बायका जेवत होत्या. कुणीतरी लोणच्याची फोड मागत होतं.

"ते तीन दिस मी सुई घेतली न्हाई," कोमल म्हणाली, अगदी साध्या आवाजात, एखादा हिशेब लक्षात आणून द्यावा तशी, "तुमाला काय वाटलं, सरांपायी? निकालापायी? सर माझं कोन हुतं? त्यांनी मला वळखलं न्हाई, त्यांचा काय राग धरू. तुमी वळखत हुतासा. तुमाला कळावं म्हनून मी मराया बसलते. तुमीच शिकिवलं हुतं सूड घ्यायला. माझ्याजवळ दुसरं काय हुतं घ्यायला?"

मी क्रेटवर बसले. सात वर्षं मी जिच्या वतीनं एका माणसाला तिळगूळ देताना अर्धं वाक्य गिळत होते, तिचा राग त्या माणसावर नव्हताच. टेम्पोत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती ज्या माणसाला शिक्षा देत होती, ते माणूस तिच्या केसांवरून हात फिरवत होतं. मी विचारलं, "अजून आहे राग?"

तिनं विचार केला. खोटं बोलायची तिला कधी सवय नव्हती. "सीझन आला की येतोय. मग जातोय. तुमी पत्र घिऊन केबिनात गेलतासा, ते आईनं सांगितलं मला. पर बाटली पिऊन आलासा, तेबी आज ह्यातच वाचलं." आणि मग भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात ठेवला. "खावा. तोंड उतरलंय तुमचं."

मी खाल्ला.

घरी येऊन तो खर्डा पुन्हा लिहिला, तो हा. त्यात माझं "नाही" घातलं, अक्षर घातलं, पुरवण्या घातल्या. सरांचं काही कमी केलं नाही. माझा त्यांच्यावरचा राग गेला असं कुणी समजू नये. तो आहे तेवढाच आहे, फक्त आता त्याच्या शेजारी दुसरा एक येऊन बसला आहे आणि तो पहिल्याला नीट झोपू देत नाही. कोमलला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, माझं नाव बदलू नका. म्हणून बदललेलं नाही.

समितीनं हा लेख छापावा. नाही छापला तर सत्काराच्या दिवशी बोलणाऱ्यांच्या यादीत मला चौथं ठेवलं आहे. मी तिथं उभी राहून वाचेन, आणि मधे कुणी माईक बंद केला तर माइकशिवाय वाचेन, सव्वीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवला आहे. छापताना जागा कमी पडली, तर सरांबद्दलचा मजकूर कापावा. माझ्याबद्दलचा कापू नये.